अकरा चुलींचा धूर

नदीवरच्या माणसाला पाण्याचा आवाज ऐकू येत न्हाई. जलमल्यापासनं कानात बसलेला असतो, म्हणून कळत न्हाई. मला तो कळला चांदमारीच्या माळावर ऱ्हायला गेले तवा, कारण तिथं तो नव्हता. पहिल्या दुपारी बायडीला मांडीवर घिऊन नव्या खोपीत बसले आन् वाटलं, माजे कानच गेले. मी आत्याबाईंना, म्हंजी माज्या सासूला, म्हणले, "मला काय ऐकू येईना झालंय." त्या चुलीचे दगड बसवीत व्हत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ऐकायला हाय काय हितं? दगड बोलत्यात व्हय?"

आता त्याच माळाच्या कडंनं दिसभर ट्रकांचे हॉर्न वाजत्यात, घरात नातीच्या मोबाईलवर गाणी असत्यात, आन् मीच म्हणते जरा गप ऱ्हावा गं. पण तवाची ती शांतता अजून कवामवा कानात येती. दुपारी भांडी घासून झाली, घरात कुणी नसलं, की येती.

माजं माहेर राहू गावाकडचं, सासर शिरूरचं. दोन्ही घरं भिल्लांची, दोन्ही नदीच्या काठाला. पुरुषांनी जाळी टाकायची आन् बायांनी डोक्यावर पाटी घिऊन दारोदार मासे इकायचे, दुसरं काय ठावंच नव्हतं. शाळा मी दोन वर्सं शिकले. शंभरापत्तूर आकडे आन् सोताचं नाव येवढं आलं, मग धाकटा भाऊ झाला, त्याला सांभाळायला मी घरी. लग्न झालं, वरसाच्या आत बायडी झाली. मला लेकराला धड पाजायबी येत नव्हतं. सारखी छाती धडधडायची, भराभर बोलायची सवय, निम्मं बोलून झालं की दम लागायचा. मालक म्हणायचे, "तुज्या मागं कुणी लागलंय का?" अजून मी तशीच बोलते, आन् लिवायला लई उशिरा शिकले तरी लिवतेबी तशीच, वाचणाऱ्यानं मधी मधी थांबून घ्यावं.

चांदमारी म्हंजी गोऱ्या शिपायांची गोळीबार शिकायची जागा. शिरूरच्या बाहेर उघडाबोडका माळ, एका टोकाला मातीचा ह्यो मोठा ढिगारा, त्याच्यापुढं लोखंडी चौकटी, त्याच्यात फळ्या अडकवून त्यावर गोळ्या मारायच्या. माजे सासरे, त्यांना समदीच आबा म्हणायची, ते सांगायचे की गोऱ्यांच्या आधी त्या माळावर आमच्याच लोकांच्या खोपी व्हत्या. त्यांच्या आज्याला घोडेस्वारांनी तिथनं उठवलं आन् खाली नदीत हाकललं, तवापासनं आम्ही मासे धरणारे झालो. गोरे गेले, मग आपलं लष्कर आलं, मग तेबी गेलं, माळ सरकारच्या ताब्यात आला. आन् एक दिवस मामलेदार कचेरीतनं निरोप आला की भिल्लांच्या अकरा घरांना तिथं जमीन द्यायची हाय. आबा म्हणाले, "माज्या आज्याची चूल कुठं व्हती ते मला बापानं दावलं व्हतं. कुंपणाच्या तारंच्या बाहेरनं. आता आतनं बघू."

मोजणीवाले आले, साखळी ओढत माळभर हिंडले. दर वाट्याच्या चार कोपऱ्यांना चार लाकडी खुंट्या ठोकल्या, खुंटीच्या डोक्यावर डांबरानं वाट्याचा आकडा लिवला, मधी मधी वाट सोडली. आबांचा वाटा एक नंबर, कडंच्या बाभळीपाशी. आमचा सात. एका साहेबानं उभं राहून समद्यांना सांगितलं, "वैशाख सरायच्या आत पाहणीला येऊ. ज्याचं बिऱ्हाड जमिनीवर दिसंल, हद्द दिसंल, त्याच्या नावावर जमीन. न्हाई दिसलं तर परत सरकारजमा." आबांनी हात जोडले. समद्यांनी जोडले. बिऱ्हाड काय ते आम्हाला कळलं. हद्द म्हंजी काय ते कुणी इचारलं न्हाई.

आमच्यात बायकोनं नवऱ्याच्या शेजारी बसायची पद्धत न्हाई, पण त्या माळावर पहिले चार दिस आम्ही दोघं ढिगाऱ्यावर बसायचो. मालक त्या मातीतनं बोटानं शिसं उकरून काढायचे. गोऱ्यांच्या गोळ्या, चेपलेल्या, वाकड्या. फुटक्या मडक्यात वितळवून त्याचे मणी करायचे आन् जाळ्याच्या काठाला ओवायचे, म्हंजी जाळं पाण्यात भसकन खाली जातं. म्हणायचे, "बघ, गोऱ्यांनी येवढ्या गोळ्या मारल्या त्या आपल्या माशांसाठीच." मी हसायचे. लई दिसांनी माज्याशी कुणी गंमत केली व्हती.

जेवायला बाजरीची भाकर, खालनं आणलेली सुकट, तव्यावर परतून वरनं लाल तिखट. ओले मासे न्हाईत म्हणून आत्याबाई रोज कुरकुरायच्या. पाणी म्हंजी जुन्या चौकीपाशी एक आड, उन्हाळ्यात दिसाला दोन हंडे सुटायचा. चौकीत अमीनचाचा ऱ्हायचे. ते चांदमारीचे जुने राखणदार, गोऱ्यांच्या वक्ताला फळ्या लावायचं काम त्यांचं. घरची माणसं शिरूरात, लेक शिवणकाम करायचा, पण चाचांना तिथं करमत नव्हतं. पाय अधू, एक शेळी, आन् कुणी न दिलेलं राखणीचं काम. आडाच्या कडेला बसून म्हणायचे, "दोन हंडे. अकरा बिऱ्हाडं. आता सरकारनं हिशेब शिकवायला पण माणूस धाडावा."

चैत संपला आन् नदी आटली. नदी आटली की डोह उरत्यात आन् डोहात मासळी कोंडती, वरसाची कमाई त्याच दोन महिन्यांत. माळावर प्यायला पाणी न्हाई आन् खाली डोह भरलेले. एक घर उतरलं, मग दुसरं. म्हणाले, पाहणीच्या आत येऊ, साहेब काय न सांगता येतोय व्हय. जाताना खोपीची चटई, कूड, समदं सोडून घेतलं, नदीवर सावली लागतीच. आन् जाताना खुंट्या उपटल्या.

हे नीट सांगितलं पायजे, न्हाईतर वाचणाऱ्याला आम्ही येडी वाटू. नदीत आम्ही आडवं जाळं लावतो तवा दोन्ही काठांना खुंट्या ठोकतो. डोह सोडून निघालो की आपल्या खुंट्या उपटायच्या, हा आमच्यात पयला नेम. मागं खुंटी ठिवली तर दुसऱ्याचं जाळं फाटतं, न्हाईतर त्याचा अर्थ व्हतो की मी नसलो तरी हे पाणी माजंच. त्या माणसाला आमच्यात 'पाणी अडवणारा' म्हणत्यात, त्याच्या घरी पोरगी देत न्हाईत. म्हणून आबांनी सोता फिरून सांगितलं, "मागं खुंटी ठिवू नगा रे कुणी." दहा घरांच्या चाळीस खुंट्या निघाल्या. आबांनी त्यांची मोळी बांधली आन् बाभळीला टेकवून ठिवली, परत आल्यावर सापडाव्या म्हणून. खुंटी जमिनीत कशाला असती हे मोजणीवाल्यानं आम्हाला सांगितलं न्हाई, आन् आम्ही त्याला नदीतलं सांगितलं न्हाई. दोघांनाबी वाटलं, ह्यात सांगायचं काय.

आमच्याच खुंट्या ऱ्हायल्या, कारण मी ऱ्हायले. निघायच्या आदल्या दिवशी बायडीला ताप भरला, सकाळी कानामागं पुरळ. आत्याबाईंनी कपडा वर करून पाह्यलं आन् म्हणाल्या, "गोवर." गोवर निघालेलं लेकरू आमच्यात पाण्यावर नेत न्हाईत, पाण्यातल्या साती आसरांची नजर पडती. नऊ दिस कोरड्यात ठिवायचं, मग निंबाच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं, मग नदी. मी म्हणले, "तुम्ही थांबता का माज्यासंगं?" त्या म्हणाल्या, "मासे कोण इकंल? कोंडिबा चार दिसांनी येऊन बघंल की." कोंडिबा म्हंजी माजे मालक. ते खांद्यावर जाळं घिऊन उभे व्हते. म्हणाले, "चाचा हायत ना." आन् निघाले. शिशाचे मणी चालताना वाजत व्हते, ते लई लांबपत्तूर ऐकू आले, कारण दुसरा आवाजच नव्हता.

पहिल्या दिवशी मी रडले न्हाई, रडायला ताकद लागती. बायडी तापानं फणफणलेली, पाजायला घेतली की तोंड फिरवायची. अंगभर लाल लाल, डोळे चिकटलेले, मी ओल्या फडक्यानं पुसायचे. दुपारी वारा सुटला की ढिगाऱ्यापुढच्या लोखंडी चौकटी शीळ घालायच्या. हुबेहूब माणसाची शीळ. मी चौकीकडं पळत गेले, लेकरू छातीला धरून, दम लागलेला. म्हणले, "चाचा, गोऱ्याचं भूत शीळ घालतंय."

चाचा शेळीला पाला टाकत व्हते. म्हणाले, "पोरी, गोऱ्याचं भूत असतं तर आधी माजा पगार द्यायला आलं असतं. तीन महिन्यांचा राह्यलाय."

त्यांनी बायडीला बघून मनुकं दिली, शेळीचं अर्धी वाटी दूध दिलं. पण चौकी आमच्या खोपीपासनं लांब, मी सारखी कितींदा जाणार. वाटेनं कुणी बैलगाडीवाला चालला तरी मी दाराआड व्हायचे. दहा खोपींच्या जागी नुसत्या तीन-तीन दगडांच्या चुली उरल्या व्हत्या. एखाद्या वाटसरूला लांबनं दिसणार काय, तर उघडा माळ, एक खोप आन् एक बाई.

म्हणून तिसऱ्या दिवशी सांजच्याला मी शेजारणीच्या, सारजेच्या चुलीत जाळ केला. धूर निघाला. लांबनं बघणाऱ्याला वाटंल, दोन घरं हायत. मग वाटलं, दोन का, तिसऱ्यातबी करू. चौथ्या दिवसापासनं मी सकाळी आन् सांजच्याला अकराच्या अकरा चुली पेटवायला लागले. पाठीला लेकरू, काखेत काटक्यांचा भारा, पदरात गोवऱ्या, एका चुलीतला इस्तू खापरात घ्यायचा आन् दुसऱ्या चुलीत ठिवायचा, फुंकायचं, खोकायचं, पुढं जायचं. धुरानं माजा दम आणखी वाढला. पण अकरा धूर वर चढले की मला माणसांत आल्यागत वाटायचं. चुलीपाशी बसून मी त्या त्या घरच्या बाईशी बोलायचेबी. "काय गं सारजे, आज काय केलंस?" म्हणायचे, आन् सोताच, "सुकट," म्हणायचे. हे मी आजपत्तूर कुणाला सांगितलं न्हाई.

चार दिसांनी मालक आले न्हाईत. पाचव्या दिवशी बाभळीच्या बाजूनं बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. मला वाटलं आपलीच माणसं, म्हणून पळत गेले. तर खालच्या अंगाचे बागाईतदार, समदा गाव त्यांना आप्पा म्हणायचा, ते सोता औत धरून एक नंबरच्या वाट्यात नांगरत व्हते. आबांची चूल थोडक्यात वाचली व्हती. पलीकडच्या दोन नंबरातबी चारी कडंनं नांगराची तासं पडलेली.

मी म्हणले, "आप्पा, ही आमच्या आबांची जागा हाय."

त्यांनी बैल थांबवले. तापट माणूस, पण बाई माणसाशी आवाज चढवायचे न्हाईत. म्हणाले, "व्हती. सोडून गेलेत की."

"न्हाई वो, नदीवर गेलेत. येणार हायत."

"येणार असती तर खुंट्या उपटल्या असत्या का? माज्या बांधावरनं मी डोळ्यांनी बघितलं. म्हाताऱ्यानं सोता उपटल्या, मोळी बांधून ठिवली. बाई, खुंटी उपटली म्हंजी माणसानं हक्क सोडला, हे शेंबड्या पोराला कळतं. पंधरा वर्सं मी हितं गवत कापतोय. तुम्हाला नगं तर मी म्हणणारच ना, मला पायजे."

मला त्या वक्ताला कळलं. नदीत जे भल्या माणसाचं लक्षण, ते हितं जमीन सोडल्याची खूण झाली व्हती, आन् ते आबांनी, आमच्यातल्या सगळ्यात भल्या माणसानं, समद्यांकडनं करून घेतलं व्हतं.

मी चाचांकडं गेले. ते शिरूरहून नुकतेच आले व्हते आन् मलाच हाक मारायला निघाले व्हते. म्हणाले, "पोरी, कचेरीत ऐकून आलो. परवा दिशी पाहणी."

नदीवर मी जाऊ शकत नव्हते, बायडीचा तो सहावा दिस, आन् तिला ठिवून कुणाकडं जाणार. चाचांनी काठी घेतली. त्या अधू पायानं ते मोठ्या रस्त्याला जाऊन कुणाच्यातरी गाडीत बसणार, डोह कुठला ते शोधणार, माणसं गोळा करणार. जाताना म्हणाले, "मी वेळंत आलो न्हाई तर साहेबासमोर रडू नको. साहेब लोकांना रडणाऱ्याचं कायबी खरं वाटत न्हाई."

दुसऱ्या दिवशी दिस उगवल्यापासनं मी खुंट्या ठोकल्या. मोळी सोडली, आकडे वाचले. एकाचे चार, दोनाचे चार, तीनाचे चार, असे ढीग लावले. शाळेतली ती दोन वर्सं त्या एका दिवसाच्या कामाला आली. नदीत खुंटी काढली की भोक आपोआप बुजतं. माळावर बुजत न्हाई. मुरमाड जमीन, जिथली खुंटी काढली तिथं भोक तसंच्या तसं. मी बायडीला पाठीला बांधून गुडघ्यावर चालत, हातानं चाचपत एकेक भोक शोधलं. खुंटी घातली, वरनं दगडानं हाणली. धा खुंट्या झाल्या की बसायचं, लेकरू पाजायचं, परत उठायचं. हाताला फोड आले, फुटले. बायडी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर प्याली, ते मला अजून आठवतं, माज्या छातीची येवढी धडधड चाललेली आन् ती शांत पीत व्हती. सांजपत्तूर बत्तीस झाल्या. आठ उरल्या. एक आन् दोन नंबरच्या. तिथली भोकं आप्पांच्या औताखाली गेली व्हती. मी नांगरलेल्या ढेकळांत बोटं घालून लई हुडकलं. मग त्या आठ खुंट्या बाभळीला तशाच टेकवल्या, अकरा चुली पेटवल्या आन् आत जाऊन पडले.

साहेब आले ते दुपारच्या आधी. संगं तलाठी, एक शिपाई, आन् मागनं आप्पा. चाचांचा पत्ता न्हाई. मी डोक्यावर पदर घिऊन उभी राह्यले. साहेब चष्मेवाले, घामानं भिजलेले. म्हणाले, "बाकीची माणसं कुठं हायत?"

"नदीवर, साहेब. मासं धरायला."

"मग हितं ऱ्हातं कोण?"

मी काखेतली बायडी वर सरकवली. तलाठी एका चुलीपाशी वाकला, राखेत हात घालून म्हणाला, "साहेब, चूल गरम हाय." मग दुसऱ्या चुलीपाशी गेला. "हीबी गरम." तिसरी, चौथी. साहेबांच्या तोंडावर जरा बरं वाटल्यागत दिसलं. त्यांनी मला इचारलं, "ही कुणाची चूल? काय शिजलं आज हिच्यावर?"

सारजेची चूल. सुकट म्हणावं का, असं मनात आलं. रोज म्हणतच व्हते. पण साहेब नीट बघत व्हते, आन् मला दम लागला आन् खरं तेच बाहेर पडलं. "काय न्हाई शिजलं. नुसता जाळ करते, साहेब."

"नुसता जाळ? अकरा चुलींत? कशाला?"

"भ्या वाटतं म्हणून."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. शिपाई हसायला लागला व्हता तो गप झाला. साहेब पुढं गेले, तीन नंबरची एक खुंटी हलवून बघितली, ती हातात आली. "ह्या कवा ठोकल्या?"

"काल."

"कुणी?"

"मी."

"उपटल्या कुणी व्हत्या?"

मग मी बोलले. कसं बोलले ठावं न्हाई, एका दमात बोलले, नदी, जाळं, दुसऱ्याचं जाळं फाटतं, पाणी अडवणारा, आमच्यात पोरगी देत न्हाईत, समदं. मधी बायडी रडायला लागली तरी थांबले न्हाई. साहेबांनी तलाठ्याकडं बघितलं. तलाठी म्हणाला, "असंल, साहेब. ह्यांचं काय सांगावं."

साहेब बाभळीपाशी गेले. नांगरलेली जमीन बघितली, टेकवलेल्या आठ खुंट्या बघितल्या. "हे कुणी नांगरलं?"

आप्पा माज्याकडं बघत व्हते. मी खाली बघितलं. मी कुणाची लाज राखायला गप्प बसले न्हाई, मी भ्यानं गप्प बसले. पण आप्पांना दुसरंच वाटलं. ते खाकरले आन् म्हणाले, "माजं औत व्हतं, साहेब. मला वाटलं सोडून गेले." मग पुढं झाले, बाभळीपासनं पावलं मोजत चालले, एका जागी टाच रुतवली. "हितं व्हती खुंटी. दुसरी त्या खडकाला धरून. पंधरा वर्सं बघतोय ह्यो माळ, मला ठावं हाय." शिपायानं आठच्या आठ ठोकल्या. आप्पा पुढं लई वर्सांनी माज्या मालकांना म्हणाले व्हते, "तुज्या बायकोनं त्या दिवशी माजं नाव घेतलं न्हाई." मी त्यांना खरं काय ते सांगितलंच न्हाई. आता ते ऱ्हायले न्हाईत.

तलाठ्यानं पंचनामा लिवला. साहेब सांगत गेले, बिऱ्हाडं मासेमारीला तात्पुरती गेलेली, चुली चालू, हद्दी कायम. मग म्हणाले, "अंगठा घ्या बाईंचा." मी म्हणले, "मला नाव येतं." माज्या फुटलेल्या हातानं नाव लिवायला लई येळ लागला. उन्हात समदी थांबली.

माणसं आली ती दिस कलताना, चाचा बैलगाडीत, बाकीची पायी, पळून पळून लाल झालेली. साहेब कवाच गेले व्हते. आबा आपल्या वाट्याच्या चारी कोपऱ्यांवर जाऊन आले. मी समदं सांगितलं. ते एका खुंटीवर हात ठिवून बसले. मग म्हणाले, "म्हंजी हितं खुंटी ठिवूनच जायचं." मी म्हणले, "व्हय, आबा." ते म्हणाले, "बरं हाय. शिकावं लागंल." त्यांना त्यात काय टोचलं ते मला कळत व्हतं. सारजा हसत, रडत माज्या गळ्यात पडली. आत्याबाई मात्र जळणाच्या ढिगाकडं गेल्या आन् ओरडल्या, "अगं बया, पावसाळ्याचं जळण संपवलं हिनं! अकरा चुली! कोण जेवायला आलं व्हतं गं?" समदी हसली. मालकांनी बायडीला घेतलं, म्हणाले, "मासळी लई लागली व्हती, म्हणून न्हाई आलो." मी म्हणले, "असू द्या."

जमीन अकरा घरांच्या नावावर झाली. तिथं आज पोरांनी पक्की घरं बांधलीत, आमच्या सात नंबरला बोअर हाय. पण हे समदं नंतरचं. पुढल्या उन्हाळ्यात परत नदी आटली, परत डोह भरले, आड परत दोन हंड्यांवर आला. आबांनी समद्यांना बाभळीखाली बसवलं आन् म्हणाले, "ह्या बारीला खुंट्या ऱ्हाऊ द्या. पण नुसत्या खुंट्यांनी भागणार न्हाई, धूरबी पायजे. एकीनं मागं ऱ्हायला पायजे." कुणी कुणाकडं बघंना. मग सारजाच म्हणाली, चांगल्या मनानं म्हणाली, "हिला ठिवू की. हिला न्हाई भ्या वाटत."

समद्यांनी माना हलवल्या. मालकांच्या तोंडावर तर मोठा अभिमान व्हता. बायडी आता चालायला लागलेली, तिला गोवरबी नव्हता, मी नदीवर जाऊ शकले असते. मी तोंड उघडलं व्हतं. पण समदी माज्याकडं जशी बघत व्हती, तसं मला आधी कवा कुणी बघितलं नव्हतं.

त्यानंतर सात उन्हाळे मी मागं ऱ्हायले. मणी वाजत माणसं उतरायची, आवाज लांब लांब जायचा आन् संपायचा. मग मी खापरात इस्तू घ्यायचे आन् पहिल्या चुलीकडं निघायचे.